श्रीपाद कानडेची चेष्टा

इंदूरच्या बडा गणपतीच्या कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यानं एखाद्या सकाळी पोह्यांवर मूठभर शेव जास्त टाकली तर कोणीही खूश होईल. श्रीपाद कानडे आधी शेवेचा वास घेतो. कालची असणार, खपवतोय. शेव ताजी निघाली तरी त्याचं समाधान होत नाही. मग तो विचार करतो, आज याला माझ्याकडून काय हवंय? आता ज्या माणसानं एका कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये जन्मभर परीक्षानळ्या धुतल्या आणि जो दोन वर्षांपूर्वी हार-श्रीफळ घेऊन घरी बसला, त्याच्याकडून पोहेवाल्याला काय हवं असणार? पण हे त्याला सांगायचं कोणी?

त्यामुळे मार्चमधल्या एका रविवारी संहिता घरी येऊन म्हणाली, "काका, या वेळी लीड रोल तुम्ही करायचा," तेव्हा श्रीपादनं पहिल्यांदा दाराबाहेर डोकावून पाहिलं. कोणी मोबाइल धरून उभं तर नाही ना, गंमत टिपायला.

संहिता अठ्ठावीस वर्षांची. सिमरोलला इंजिनीअरिंग संस्थेच्या ऑफिसात नोकरी करते, आणि सुट्टीच्या दिवशी इंदूरच्या मराठी नाट्यमंडळात नाटकं लिहिते, बसवते. श्रीपाद या मंडळात ती जन्मायच्या आधीपासून आहे.

"कोण आजारी आहे?" त्यानं विचारलं.

"कोणीच नाही."

"आपल्या हीरोला, मानसला, छुट्टी नाही मिळाली?"

"मिळाली ना. तो पण आहे नाटकात. पण लीड तुम्ही."

"मतलब, लीड आहे कोण?"

"गडी."

"तरीच," श्रीपाद म्हणाला आणि जरा सैल होऊन बसला. गडी म्हटल्यावर निदान एक गोष्ट ओळखीची होती.

कारण चौतीस वर्षं श्रीपाद कानडेनं रंगमंचावर गड्याखेरीज काहीही केलेलं नव्हतं. पडदा उघडतो, साहेब-बाईसाहेब कोचावर बसून आयुष्याचे मोठमोठे प्रश्न सोडवत असतात, आणि उजव्या विंगेतून ट्रे घेऊन तो येतो. "साहेब, चहा." किंवा, "बाईसाहेब, वकीलसाहेब आले आहेत." नाटकातला गडी दोनच गोष्टी आणतो, एक बातमी आणि दुसरं हसू. लेखक साहेबाला बालपण देतो, बाईसाहेबांना मनात जपलेलं दुःख देतो, पाळलेल्या पोपटालासुद्धा नाव देतो. गड्याला नाव देताना मात्र त्याच्या पेनातली शाई संपते. पत्रिकेत शेवटच्या ओळीत छापलेलं असायचं, 'गडी – श्रीपाद कानडे'.

मग श्रीपाद आपलं आपण नाव ठेवायचा. हा दगडू, हा तुळशीराम. एका नाटकात त्याला दोन वाक्यं होती, तर त्यानं ठरवलं की हा गडी सिमरोलचा आहे, आज याची गाय व्यायची आहे आणि याला पाचची बस गाठायची आहे. प्रयोगात तो चहा घेऊन इतक्या लगबगीनं आला की कप वाजले. मंडळाचे दिग्दर्शक बाबूराव आत ओरडले, "अरे घाई कसली? तुझी काय गाडी सुटतेय?" बस सुटत होती, पण ते सांगून काय उपयोग.

आणि अजून एक काम तो करायचा, जे कोणी त्याला सांगितलं नव्हतं. कोचावरचा साहेब मध्येच वाक्य विसरला, डोळे पांढरे करून छताकडे पाहायला लागला, की श्रीपाद विंगेतून अवेळी ट्रे घेऊन आत शिरायचा. "साहेब, चहा. आणि ते जमिनीच्या कागदांचं काय म्हणत होता?" साहेबाला धागा सापडायचा आणि नाटक पुढे सरकायचं. पडदा पडल्यावर साहेबाला टाळ्या मिळायच्या, श्रीपादला घरचा ट्रे परत न्यायची आठवण करून दिली जायची. तो ट्रे त्याच्या घरचाच होता, स्टीलचा, एका कोपऱ्यात चेपलेला.

पण तो गडी झाला कसा, ते सांगायलाच हवं, कारण सगळं तिथंच अडकलेलं आहे.

एक्याण्णव साली तो गडी नव्हता. मुलगा होता, कथानायकाचा थोरला मुलगा. नाट्यस्पर्धा होती, परीक्षक महाराष्ट्रातून आले होते, आणि इंदूरची मराठी मंडळी त्या आठवड्यात जरा जास्तच शुद्ध बोलत होती. श्रीपादचे वडील मिलच्या टाइम ऑफिसात क्लार्क म्हणून खानदेशातून आलेले. घरात मराठी, शाळेत हिंदी, गल्लीत माळवी, अशा तिन्ही भाषा एका तोंडात नांदायच्या आणि त्यांचं आपसात बरं होतं. शेवटच्या प्रवेशात बाप मरतो आणि मुलगा त्याच्या उशाशी बसून म्हणतो, "बाबा, तुम्हाला वाचवायचा मी खूप प्रयत्न केला." एवढंच वाक्य. श्रीपादनं ते महिनाभर घोकलं होतं. पण त्या संध्याकाळी त्याला खरंच रडू आलं, आणि रडताना माणूस घोकलेलं बोलत नाही. तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला वाचवायची मी खूप चेष्टा केली."

हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. शाळेत गुरुजी रोज सांगायचे, चेष्टा करो, सब आ जाएगा. पण हॉल मराठी होता. पहिल्या रांगेतून एक हसू सुटलं, ते मागच्या भिंतीपर्यंत गेलं आणि तिथून परत आलं. परीक्षकांनी रुमाल तोंडाला लावले. बापाचं काम स्वतः बाबूराव करत होते. मेलेले बाबूराव चादरीखाली गदागदा हलायला लागले, आणि मग काय, जे हसत नव्हते तेही हसले.

परीक्षकांच्या शेऱ्यात एकच ओळ होती, 'भाषेकडे लक्ष द्यावे'. बाबूरावांनी ती सभेत वाचून दाखवली. नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. पुढच्या वर्षी ते श्रीपादला म्हणाले, "तुझ्या चेहऱ्यात एक सोशिकपणा आहे रे," आणि त्याच्या हातात ट्रे दिला.

तेव्हापासून श्रीपादला कोणाच्याही हसण्याचा भरवसा वाटत नाही. गल्लीच्या टोकाला चार माणसं हसली की तो शर्टाची बटणं तपासतो.

अशा माणसाला संहितानं दीड तासाचं नाटक दिलं. सगळं नाटक स्वयंपाकघरात घडतं, गडी तिथून हलत नाही, साहेब-बाईसाहेबांचे फक्त आवाज ऐकू येतात. श्रीपादनं ते तीनदा वाचलं. चांगलं होतं, आणि नेमकं हेच त्याला खटकलं. इतकं चांगलं काम मला कशाला?

तालमी सुरू झाल्या तशा त्याच्या मनात शंकेच्या पाली एकामागून एक चुकचुकायला लागल्या. मानसचंच घ्या. हा पोरगा आठ वर्षं मंडळाचा हीरो, आता त्याच्या वाट्याला साहेबाचा नुसता आवाज. त्यानं रुसायला हवं होतं. तर तो श्रीपादची पिशवी उचलायचा, खुर्ची पुसून द्यायचा, "सर, पाणी आणू?" म्हणायचा. ज्याचं काम हिसकावलंय तो इतका गोड कसा बोलेल? दुसरं म्हणजे संहिता. श्रीपाद सहज काही बोलला की ती गालात हसायची आणि डायरीत लिहायची. एकदा तो म्हणाला, "थांब, मी येऊनच राहिलो," तर तिनं तेही लिहिलं. आणि तिसरं, शेवटचं पान. "ते अजून लिहितेय, काका," असं ती पाच आठवडे सांगत होती. अख्खं नाटक सुचलं आणि एक पान सुचत नाही? कुठेतरी पाणी मुरत होतं.

त्यानं मनाशी जुळवून पाहिलं. म्हाताऱ्या कलाकाराला घेतलं की मंडळाला अनुदान मिळत असेल. नाहीतर पेपरात फोटो द्यायचा असेल, चौतीस वर्षं गडी. हे जुळत नव्हतं, तरी तो जुळवत राहिला.

एप्रिलमध्ये एका दुपारी तो बँकेतून लवकर घरी आला, तर स्वयंपाकघरात त्याची बायको कुमुदिनी आणि संहिता समोरासमोर बसलेल्या. संहिताची डायरी उघडी. त्याला पाहताच दोघी गप्प झाल्या.

"काय चाललंय?"

"काही नाही, कैरीच्या लोणच्याचं विचारून राहिली होती ही," कुमुदिनी म्हणाली. तिला पस्तीस वर्षांच्या संसारात खोटं बोलणं जमलेलं नाही. श्रीपादनं डायरीकडे पाहिलं, संहितानं ती मिटली.

आठ दिवसांनी तालमीत शेवटचं पान हातात आलं. गडी पहिल्यांदाच स्वयंपाकघर सोडून ट्रे घेऊन दिवाणखान्यात येतो. दिवाणखाना म्हणजे हॉल, पाहुणे म्हणजे प्रेक्षक. त्यांच्यासमोर उभा राहून तो वडील गेल्याचं सांगतो. आणि वाक्य होतं, 'बाबांना वाचवायची मी खूप चेष्टा केली.' त्याखाली कंसात, 'प्रेक्षक हसतात. तो थांबतो.' आणि मग, 'हसून झालं? आता ऐका.'

श्रीपादनं पान घडी करून खिशात घातलं, चेपलेला ट्रे उचलला आणि चालत घरी आला. एक्याण्णवच्या हॉलमधलं मंडळात आता कोणी उरलं नव्हतं. बाबूरावांना जाऊन बारा वर्षं झाली होती. त्या दिवशी तिथं असलेलं आणि आज संहिताला भेटणारं माणूस एकच होतं, आणि ते कणीक मळत होतं.

"तूच सांगितलंस," तो म्हणाला.

कुमुदिनीनं हात थांबवले नाहीत. "हो, मी सांगितलं."

"परत हसवायचं होतं लोकांना? एकदा पोट नाही भरलं?"

"मी नव्हते हसले."

"माहितेय. उपकारच केले."

"उपकार कसले?" आता तिनं हात थांबवले. "मला समजलंच नव्हतं का हसून राहिले ते. आपलं लग्न होऊन चार महिने झाले होते. मी देवासची, बाबा हिंदीचे मास्तर. रोज म्हणायचे, चेष्टा कर, कुमुद. आमच्या घरी तोच शब्द होता. तुम्ही म्हणालात आणि मला रडू आलं. आणि आजूबाजूचे सगळे हसायला लागले. मला वाटलं, ही कशी माणसं आहेत? बाप मेलाय आणि दात काढून राहिले."

श्रीपाद स्टुलावर बसला. "मग नंतर? कधी कळलं?"

"दोन-तीन वर्षांनी, कोणाच्या तरी बोलण्यात. तोवर तुम्ही त्या गोष्टीला कुलूप घातलं होतं. मी कशाला उघडू?"

चौतीस वर्षं त्याला वाटत होतं की ही लाजेनं गप्प आहे. त्या हॉलमध्ये एका माणसाला त्याचं वाक्य बरोबर ऐकू आलं होतं, आणि ते माणूस त्याच्याच घरात राहत होतं. त्याला तिचा राग आला, स्वतःचा जास्त आला, आणि दोन्ही रागांचं काय करावं ते न कळून त्यानं कणीक मळायला घेतली.

तरी दुसऱ्या दिवशी तो संहिताकडे गेलाच. "हे पान काढ."

"काढते," ती म्हणाली. "पण काका, हॉल हसेल तेव्हाच हॉल साहेब होतो. तेच तर नाटक आहे. हसले नाहीत तर ते नुसते तिकीट काढून आलेले लोक."

"आणि मी?"

"तुम्ही थांबायचं. त्या वेळी तुम्हाला कोणी थांबू दिलं नव्हतं."

"माझ्यामागे का लागलीस तू? खरं सांग."

संहिता जरा लाजली. "मी दहा वर्षांची होते. आई मेकअप करायची, मला विंगेत बसवून द्यायची स्क्रिप्ट देऊन. हीरो लाइन भूलला, आणि तुम्ही ट्रे घेऊन घुसलात. स्क्रिप्टमध्ये तुमची एंट्रीच नव्हती. मी बोट ठेवून ढूंढत राहिले. मग समजलं. त्या दिवसापासून मी नाटकात फक्त तुम्हालाच बघायची."

श्रीपादनं तिच्याकडे रोखून पाहिलं. कोणी इतकी वर्षं असलं काही लक्षात ठेवतं का? पण पान त्यानं परत खिशात ठेवलं.

प्रयोग मे महिन्यातल्या शनिवारी संध्याकाळी होता. हॉल भरला होता. पुढच्या दोन रांगांत पिकली डोकी होती, त्यांच्या मागे त्यांच्या सुना-नातवंडं, आणि मानसनं आणलेली कॉलेजची फौज. दीड तास श्रीपाद स्वयंपाकघरात वावरला. भांडी घासली, चहा उकळला, साहेबाच्या आवाजाला हो-हो म्हटलं. त्याला शंका घ्यायला सवड नव्हती. मग शेवटचा प्रवेश आला. ट्रे उचलून तो पुढे आला, अगदी कडेपर्यंत, जिथं गडी कधी येत नाही.

"बाबांना वाचवायची मी खूप चेष्टा केली," तो म्हणाला, आणि खांदे आवळून उभा राहिला.

कोणी हसलं नाही.

तो थांबला. उशिरा हसतील. पुढची रांग त्याच्याकडे पाहत होती, मागची पाहत होती, एक बाई पदर डोळ्यांना लावत होती. विंगेत संहितानं दोन्ही हात डोक्याला लावलेले. पुढचं वाक्य होतं, 'हसून झालं?' जे हसलेच नाहीत त्यांना हे कसं विचारायचं? त्याच्या मनात आलं, यांना कोणीतरी शिकवून आणलंय. चौतीस वर्षं दुसरे अडकले की विंगेतून तो यायचा. त्यानं सवयीनं उजव्या विंगेकडे पाहिलं. तिकडून कोणी येणार नव्हतं. ट्रे तर त्याच्याच हातात होता.

मग त्यानं ट्रेकडे पाहिलं, पाहुण्यांकडे पाहिलं, आणि आयुष्यभर ज्या आवाजात विचारलं त्याच आवाजात विचारलं, "चहा गार झाला. दुसरा आणू?"

हॉल हसला. इतका वेळ दाबून धरलेला श्वास सगळ्यांनी एकदम सोडला, आणि हसू मागच्या भिंतीपर्यंत जाऊन परत आलं. श्रीपाद उभा राहिला. त्यानं ते पूर्ण होऊ दिलं. मग कप उचलू का असं विचारावं तितक्या अदबीनं तो म्हणाला, "हसून झालं? आता ऐका." आणि ते चेष्टेचं वाक्य त्यानं पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द ट्रेवर ठेवल्यासारखा. पडदा पडला. टाळ्या जरा वेळानं आल्या.

घरी जाताना रिक्षा न करता दोघं चालत निघाली. हार कुमुदिनीच्या पिशवीत, ट्रे श्रीपादच्या काखेत.

"तू सांगून ठेवलं होतंस ना सगळ्यांना?" तो म्हणाला.

"काय?"

"हसू नका म्हणून. त्या वाक्याला."

"तीनशे जणांच्या घरी जाऊन? मला तेवढंच काम आहे?"

"मग हसले का नाहीत?"

"चूक समजली असती तर हसले असते ना," ती म्हणाली. "माझ्या मागे एक मुलगी होती, कुलकर्णींची नात. आईला म्हणाली, 'मम्मा, कितनी कोशिश की बेचारे ने.' आई म्हणाली, 'हां बेटा.' त्यांच्यासाठी तुम्ही बरोबरच बोललात."

"आणि पुढच्या रांगेतले? म्हातारे?"

"ते पण आता नातवंडांशी हिंदीच बोलतात. मराठीतली चेष्टा कोणाला आठवून राहिली?"

श्रीपाद थांबला. आनंद व्हायला हवा होता, आणि थोडा झालाही. एवढी वर्षं जी चूक त्यानं उराशी धरली, ती आता गावात कोणाला चूक वाटत नव्हती. पण त्याच्या डोळ्यांसमोर तो जुना हॉल आला, पहिल्या रांगेपासून शेवटच्या भिंतीपर्यंत हसणारा. त्या लोकांचा त्यानं जन्मभर द्वेष केला होता. त्या सगळ्यांना मराठी येत होती.

"बाबूराव असते तर हसले असते," तो म्हणाला.

"हो," कुमुदिनी म्हणाली. "चादरीखालून."

श्रीपादनं ट्रे या काखेतून त्या काखेत घेतला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्याला ते हसणं हवंसं वाटलं.